मौनीचे सहा आठवडे

वीज कंपनीच्या फुटबॉल संघात मौनी अठरा वर्षं गोलकीपर होता, आणि त्या अठरा वर्षांत मैदानावर त्याचा आवाज ऐकलेला माणूस शोधून सापडायचा नाही. दुसरे गोलकीपर सामना संपेपर्यंत घसा बसवून घेतात, "सोड!", "माझा!" करत बचावातल्या गड्यांच्या नावाने शंख करतात. हा नुसते हात हलवायचा. बोट डावीकडे गेलं की डावा गडी सरकला, तळवा खाली आला की अख्खी फळी मागे, आणि दोन्ही हात डोक्यावर गेले की सगळे जागच्या जागी थांबले. समोरच्या संघाला तर यांचं काय ठरतंय याचा पत्ताच लागत नसे. रेडिओवरचा निवेदक सांगायचा, "मौनीने बोट दाखवलंय, आता बघा हं," आणि घरोघरी लोक चहाचा कप खाली ठेवायचे.

लोक म्हणत, केवढा संयम! संयम कसला डोंबलाचा. त्याची आई जन्मापासून बहिरी होती आणि घरात बोलायचं ते हातांनीच. भूक, राग, हसू, शाळेतली तक्रार, सगळं बोटांवर. वडील कामावरून आले की तेही दारातूनच हात हलवत आत यायचे. अशा घरात वाढलेल्या पोराला तोंड हे मुख्यतः जेवायला असतं असं वाटलं तर त्याचं काय चुकलं? पुढे आई प्रत्येक सामन्याला यायची. पंचावर शिव्यांचा पाऊस पडत असला तरी ती शांत बसून लेकाचे हात बघायची, आणि पोरगा अठरा वर्षं खरं तर तिच्याशीच बोलत होता असं त्याची बायको म्हणते. बायकोचं हे म्हणणं मला पटतं.

एकदाच घोडं अडलं. देशाच्या संघाच्या शिबिराला त्याला बोलावणं आलं आणि तीन आठवड्यांत तो बॅग घेऊन परत. तिथल्या प्रशिक्षकाने स्पष्ट सांगितलं होतं, "चेंडू तू सगळ्यात चांगला अडवतोस. पण मला मुका गोलकीपर नको." आईने खुणेने विचारलं, काय झालं रे? त्याने गुडघा दाखवला. आयुष्यात तिच्याशी एवढं एकच खोटं तो बोलला. आई गेली तेव्हाही ते त्याच्या मनात होतं.

खेळ संपल्यावर कंपनीने त्याला मीटर तपासणीच्या खोलीत बसवलं. हे काम म्हणजे त्याच्यासाठी स्वर्गच. लांबलचक लोखंडी मांडणी, तिच्यावर एका वेळी वीस मीटर, सगळ्यांना सारखीच वीज सोडायची आणि कोणाची चकती धावते, कोणाची रेंगाळते ते बघत राहायचं. खोलीत भिंतीवर "बोलू नये" अशी पाटी होती. ती त्याच्याआधीपासूनची होती, पण सगळ्यांना वाटे ती त्यानेच लावली आहे.

अशी नऊ वर्षं सुखात गेल्यावर एका दुपारी अंधशाळेच्या पीटीच्या बाई त्या खोलीत आल्या. गळ्यात शिट्टी, पायात बूट, आणि बोलणं असं की समोरच्याने आधीच हरल्यासारखं वाटून घ्यावं. त्यांच्या कोपराला धरून एक उंच, नीटनेटका माणूस आत आला. हा सरकारी हॉस्पिटलच्या टेलिफोन एक्स्चेंजवर ऑपरेटर होता आणि बाईंच्या संघाचा कॅप्टन. संघ आंधळ्यांचा. या फुटबॉलमध्ये चेंडूत खुळखुळा असतो, बाजूंना लाकडी फळ्या असतात, चेंडू घ्यायला जाणाऱ्याने "आलो, आलो" ओरडत जायचं म्हणजे टक्कर होत नाही, आणि प्रेक्षकांनी गोल होईपर्यंत हूं की चूं करायचं नाही. सगळे गडी आंधळे, कोणाला अंधुक दिसत असेल म्हणून सगळ्यांच्याच डोळ्यांवर पट्टी, एक गोलकीपर मात्र डोळस लागतो. बाईंचा गोलकीपर लग्न करून परगावी गेला होता.

मौनीने मान हलवली. नाही.

"मान हलवून चालायचं नाही," बाई म्हणाल्या. "यांना ऐकू येईल असं नाही म्हणा."

ऑपरेटर हसत उभा होता. म्हणाला, "साहेब, तुमचे सगळे सामने मी रेडिओवर ऐकलेत. प्रत्येक सामन्यात तुम्ही बोट दाखवायचात आणि मी विचार करत बसायचो, नक्की कुठे दाखवलं असेल?"

आता अशा माणसाला तोंडावर नाही म्हणायला छाती लागते. मौनीने दोनदा घसा खाकरला आणि जो आवाज बाहेर पडला त्याने तो स्वतःच दचकला. "येतो," तो म्हणाला.

पहिल्या दिवशी गोलवर मारलेले जवळजवळ सगळे चेंडू त्याने अडवले. पंचेचाळिशीचा गडी, केस पांढरे झालेले, पण हात तसेच होते. अडचण दुसरीच होती. या खेळात आपल्या गोलपुढच्या तिसऱ्या हिश्शात गोलकीपरने बोलून बचाव हलवायचा असतो. मधल्या हिश्शात प्रशिक्षकाने, म्हणजे बाईंनी, बोलायचं, पलीकडच्या हिश्शात गोलमागे उभ्या वाटाड्याने. मौनीने चेंडू येताना पाहिला आणि झोकात डावीकडे बोट दाखवलं. कोणी हललं नाही. त्याने आणखी जोरात दाखवलं. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो इतका लाजला की पुढचा चेंडू पायांमधून गेला.

बचावाला वेताच्या खुर्च्या विणणारा एक बुटका, तिखट माणूस होता. त्याला सगळे वेतवाला म्हणत. तो म्हणाला, "सगळ्यांच्या गोलला दोन खांब असतात. आपल्याला देवाने तिसरा दिलाय." सगळे खो खो हसले, आणि मौनीही हसला, पण ते कोणाला कळणार? हसणंही त्याचं बिनआवाजाचं.

तो शिकला, नाही असं नाही. "डावीकडे", "मागे", "फळीला", एवढे तीन शब्द महिन्याभरात तो पुरवून पुरवून वापरू लागला. बाई म्हणत, बाळ बोलायला लागलं. पण गोष्टी अंगवळणी पडायला वेळ लागतो आणि जुन्या सवयी झोपल्यासारखं करून जाग्याच असतात.

एका साध्या सरावसामन्यात ते घडलं. गोलपुढे चेंडू उडाला, फळीवर आपटला आणि मधोमध येऊन थांबला. थांबलेला चेंडू वाजत नाही. ऑपरेटर एकीकडून निघाला, समोरचा आडदांड गडी दुसरीकडून, आणि तो नवखा असल्याने "आलो" म्हणायला विसरला. मौनीने पाहिलं. चांगले दोन सेकंद आधी पाहिलं. आणि त्याने काय केलं? दोन्ही हात डोक्यावर नेले. अठरा वर्षं ज्या खुणेवर दहा माणसं जागेवर थांबायची ती खूण त्याने दोन आंधळ्यांना केली, आणि हात वर धरून तो बघत राहिला.

ऑपरेटरचा जबडा दोन ठिकाणी मोडला.

डॉक्टरांनी वरचे खालचे दात तारेने एकमेकांना बांधून टाकले. सहा आठवडे तोंड उघडायचं नाही, नळीने दूध आणि सूप, बोलणं बंद. टेलिफोन ऑपरेटरचं बोलणं बंद! ज्या माणसाचा "नमस्कार, हॉस्पिटल" ऐकून अर्ध्या शहराचा जीव भांड्यात पडायचा तो घरात कोपऱ्यात टाकलेल्या गाठोड्यासारखा खुर्चीत बसला. संघात कुजबुज सुरू झाली. बाईंचा भाचा डोळस होता, तरणाबांड होता, गोलमध्ये उभं राहायला तयार होता. वेतवाला तर सरळच म्हणाला, "खांबाला काय, तो पडत नाही. पडतो आम्ही." बाईंनी मौनीला बाजूला घेऊन सांगितलं, "मी काढणार नाही तुम्हाला आणि ठेवणारही नाही. कॅप्टन ठरवतील. तुमच्या पुढे खेळायचंय ते त्यांना."

मौनीला काय हवं होतं हे विचाराल तर सांगतो. देशाच्या संघातून परत पाठवलं तेव्हा तो जेवला होता, झोपला होता, दुसऱ्या दिवशी सरावाला गेला होता. या वेळी घास उतरेना. त्या गोलमध्ये त्याला परत उभं राहायचं होतं, आणि ऑपरेटरने स्वतः त्याला उभं करायला हवं होतं. बाकी कशानेही त्याचं समाधान होणार नव्हतं.

म्हणून कामावरून सुटल्यावर तो ऑपरेटरच्या घरी गेला. तिसरा मजला, चिंचोळी खोली, खिडकीशी खुर्ची. ऑपरेटरच्या बायकोने दार उघडलं, स्टूल दिलं आणि ती ओट्याकडे वळली. मौनी बसला. पाच मिनिटं बसला, पंधरा मिनिटं बसला. मान खाली, हात मांडीवर. अर्ध्या तासाने वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"भाऊजी, राग मानू नका," त्या म्हणाल्या. "यांना दिसत नाही. आता बोलताही येत नाही. त्यात तुम्हीही गप्प बसलात तर या घरात माणूस म्हणून मी एकटीच उरले की हो!"

बोलायचं म्हणजे काय बोलायचं? माफी मागायला आला होता, पण ती कुठून सुरू करायची हेच त्याला उमजेना. अखेर त्याला जे येत होतं ते तो बोलला.

"आज वीस मीटर तपासले," तो म्हणाला. "एकोणीस ठीक. एक पळत होता."

ऑपरेटरने खुर्चीच्या हातावर टिचकी मारली. एक. वहिनी म्हणाल्या, "एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. पुढे सांगा म्हणतायत."

"पळत म्हणजे, जळालेल्यापेक्षा जास्त युनिट दाखवत होता. लोक म्हणतात आमचा मीटर पळतो, कंपनी म्हणते नाही पळत. हा खरंच पळत होता." मग म्हणाला, "मला आनंद झाला. कोणीतरी बिचारा खरं बोलत होता म्हणून."

ऑपरेटरच्या बांधलेल्या जबड्यातून एक विचित्र घुर्र असा आवाज आला. हसला होता तो. वहिनी धावत आल्या आणि नवऱ्याला दटावलं, "हसायचं नाही सांगितलंय डॉक्टरांनी!"

दुसऱ्या दिवसापासून मौनी रस्त्याने जाताना बोलण्यासाठी सामान गोळा करू लागला. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर कोणी नवी सायकल बांधली आहे. खालच्या शिंप्याने पाटी रंगवून घेतली, पण रंगाऱ्याने अक्षरं अशी दाटली की शेवटचं अक्षर भिंतीवर गेलं आहे. बसस्टॉपवर दोन म्हाताऱ्या भांडत होत्या आणि बस आल्यावर एकमेकींना हात देऊन चढल्या. पूर्वी हे सगळं त्याला दिसत होतंच. सांगायचं असतं हे ठाऊक नव्हतं. पंधरवड्याने त्याने विचारलं, "तुम्ही म्हणू की तू? तुम्हीला एक टिचकी, तूला दोन." दोन टिचक्या पडल्या.

घरी त्याची बायको थक्क. एका संध्याकाळी जेवताना तो आपण होऊन म्हणाला, "वांग्याला आज मीठ छान पडलंय." तिने चमचा खाली ठेवला. "अहो, बरं आहे ना? वीस वर्षं संसार केला, माहेरी सांगत आले की नवरा देवमाणूस, देवासारखाच बोलत नाही. आता त्यांना काय सांगू?" मग ती डोळे पुसायला लागली आणि मौनीला कळेना की मिठात असं रडण्यासारखं काय होतं.

चौथ्या आठवड्यात त्याने ते सांगितलं. वहिनी बाजारात गेल्या होत्या. रस्त्याच्या, शिंप्याच्या सगळ्या गोष्टी संपल्या होत्या आणि उरलेली एकच होती.

"सगळ्यांना वाटतं मला दिसलं नाही," मौनी म्हणाला. "वेतवाला म्हणतो खांब झोपला होता. बाई म्हणतात क्षणात घडलं. तसं नाही. मी पाहिलं होतं. तू निघालास तेव्हाच पाहिलं होतं. मी हात वर केले. शब्द इथं आला होता," त्याने गळ्याला हात लावला, आणि तो हातही ऑपरेटरला दिसणार नव्हता म्हणून पुन्हा बोलला, "गळ्यापर्यंत आला होता. पण हात आधी गेले आणि मग मी हातच धरून राहिलो. थांब एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही."

तो थांबला. टिचकी पडली नाही. एक नाही, दोन नाही. ऑपरेटरची बोटं खुर्चीच्या हातावर तशीच पसरलेली होती. "उद्या येतो" म्हणून मौनी उठला.

तो दुसऱ्या दिवशी गेला. तिसऱ्या दिवशीही गेला. बोलत राहिला, कारण आता गप्प बसणं म्हणजे पळून जाणं झालं असतं. टिचक्या पुन्हा पडू लागल्या, रस्त्याच्या गोष्टीला, मीटरच्या गोष्टीला. त्या गोष्टीला मात्र उत्तर नाहीच. तारा काढल्या त्या दिवशी सगळा संघ त्या खोलीत दाटीवाटीने जमला. ऑपरेटरचा आवाज घोगरा आणि आखडलेला निघाला, पण शब्द स्वच्छ होते, नोकरी शाबूत होती. वेतवाल्याने लगेच विचारलं, "गोलमध्ये कोण, कॅप्टन? काय ते सांगून टाक."

"स्पर्धेला मौनी उभा राहील," ऑपरेटर म्हणाला. "पुढचं मी मैदानात सांगेन."

शहरातल्या सहा संघांची स्पर्धा होती. पहिला सामना यांनी जिंकला, दुसरा उपांत्य. ऑपरेटरच्या डोक्याला आणि गालांना गादीचं शिरस्त्राण बांधलेलं. आणि मौनी? मौनी बोलत होता! "वेतवाल्या, दोन पावलं डावीकडे, अजून एक, बस. चेंडू फळीला, तुझ्या उजव्या हाताला. येऊ दे त्याला, मी आहे मागे." शब्द कसे, भाजी निवडल्यासारखे सुटे सुटे आणि स्वच्छ. वेतवाला मध्येच म्हणाला, "जरा श्वास घे की!" एकदा तर भरात येऊन त्याने मधल्या हिश्शातल्या गड्यालाही सूचना दिली. पंच शिट्टी वाजवत आले. "तिथलं बोलणं तुमचं नाही, प्रशिक्षकांचं. ही ताकीद. परत झालं तर गोलपुढून थेट फटका देईन." बाईंनी कपाळावर हात मारला. ज्याला बोलतं करायला महिने गेले त्याला बडबडीसाठी ताकीद!

सामना संपायला दोन मिनिटं. कोणाचाच गोल नव्हता. बाई कडेला पाठमोऱ्या होत्या, बदली गड्याच्या डोळ्यांवरची पट्टी बांधत होत्या. प्रेक्षक नियमाप्रमाणे चिडीचूप. मैदानाच्या मधोमध चेंडू दोघांच्या पायांतून सुटला, घरंगळला आणि थांबला. ऑपरेटर "आलो, आलो" म्हणत त्याच्याकडे निघाला. समोरचा गडी पलीकडून सुसाट, खाली वाकलेला, डोकं पुढे. त्याला वाटलं चेंडू अजून लांब आहे. त्याच्या तोंडून शब्द निघायचा होता.

तो भाग मौनीच्या हिश्शाबाहेर होता. त्याने तोंड उघडलं तर फटका, फटका म्हणजे जवळजवळ गोल, गोल म्हणजे स्पर्धा संपली. हे सगळं त्याला माहीत होतं. त्याचे हात खालीच राहिले.

"कॅप्टन, थांब!"

त्या मुक्या मैदानात तो आवाज असा फुटला की मागच्या रांगेतलं एक तान्हं मूल रडायला लागलं. ऑपरेटरचा एक पाय उचललेला होता. त्याने तो पुढे टाकला नाही, विचारलं नाही, चाचपलं नाही. होता तिथे थांबला. समोरचा गडी त्याच्या सदऱ्याला चाटून निघून गेला आणि फळीवर हात टेकून कसाबसा सावरला.

शिट्टी वाजली. फटका नियमाप्रमाणे दिला गेला, खाली कोपऱ्यात बसला. मौनीची बोटं चेंडूला लागली, पण पुरली नाहीत. एक-शून्य. दोन मिनिटांनी सामना संपला.

वेतवाला डोळ्यांवरची पट्टी ओढून काढत गोलकडे आला, फळीला धरून धरून. "नियम माहीत नव्हता का तुला? आत्ताच ताकीद दिली होती ना?"

"माहीत होता," मौनी म्हणाला.

"मग? आता कॅप्टन, तूच सांग. मैदानात सांगेन म्हणाला होतास. सांग आता, पुढच्या वेळी गोलमध्ये कोण?"

ऑपरेटर अजून मैदानाच्या मध्यावरच उभा होता, शिरस्त्राणाचा पट्टा सोडवत. त्याचा जबडा अजून पूर्ण उघडत नव्हता, म्हणून तो हळू बोलला, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"सांगितलं की," तो म्हणाला. "त्याने थांब म्हटलं आणि मी थांबलो."